आज नळ नाही

आमच्या घरात कुणी ‘आज नळ नाही’ म्हटलं, तर नेमकं काय नाही हे आधी विचारून घ्यावं लागतं. पहिला अर्थ साऱ्या इंदूरला ठाऊक आहे. नर्मदेचं पाणी ७० किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढून आमच्यापर्यंत येतं, १९७८ पासून येतंय, आणि एक दिवसाआड येतं. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत इंदूरची माणसं जन्मजात हिशेबी. चादरी नळाच्या दिवशी, बिननळाच्या दिवशी भांडी तेवढी. दारात पाहुणा दिसला तरी आधी टाकीची पातळी आठवते, मग तोंडातून ‘या, बसा’ येतं.

दुसरा अर्थ वहिनीचा. तो सांगायचा तर पातेल्यापासून सुरुवात करायला हवी, आणि पातेल्याची गोष्ट मी आजवर कुणाला धड सांगितलेली नाही.

९ ऑक्टोबर २०२२. रविवार होता आणि कोजागिरी. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर दरवर्षी दूध आटतं, शेजारपाजारची आठ-दहा माणसं येतात. त्यासाठी आजीच्या वेळचं पितळेचं पातेलं आहे. एरवी ते माळ्यावर पडून असतं. मी स्टुलावर चढले होते, वहिनी खाली हात वर करून उभी. पातेलं तिरकं झालं, माझ्या हातून सुटलं, काठ तिच्या कानाच्या वर लागला आणि ती मागे जाऊन दाराच्या चौकटीवर आपटली. रक्त नाही. शुद्धही गेली नाही. ‘थांब जरा’ म्हणून खाली बसली, मिनिटभराने उठली. टेंगूळ आलं, बर्फ लावला. पातेल्याला पोचा पडला, त्यावरून आई दोन शब्द बोलली.

संध्याकाळभरात वहिनीने मला तीनदा विचारलं, ‘दूध किती सांगितलंय गं?’ तीनही वेळा मी ‘सात लिटर’ म्हटलं. तिसऱ्यांदा दादा हसला, म्हणाला, ‘हिशेबनीस बाई, आज खातं जुळत नाहीये वाटतं!’ ती एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशेब बघायची. आकडा एकदा ऐकला की तिच्या डोक्यात कोरला जायचा. आम्ही सगळे हसलो. गच्चीवर तिने दुधाचे पेले भरले, वाटले, मग कपाळावर हाताची झापड धरून म्हणाली, ‘चंद्राचं ठीक आहे, हा बल्ब बंद करा कुणीतरी.’

दुसऱ्या दिवशी उलट्या. डोकं ‘आतून कुणीतरी फुगवतंय’ असं. सी.टी. स्कॅन झाला, नॉर्मल आला. डॉक्टरांनी कंकशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, म्हटलं, माइल्ड म्हटलं, बहुतेक लोक पंधरा दिवसांत बरे होतात म्हटलं. या ‘बहुतेक’मध्ये आम्ही लगेच वहिनीचं नाव घालून टाकलं.

‘माइल्ड’ कशावरून ठरतं ते मी पुढे समजून घेतलं. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये एक मोजपट्टी केली. डोळे उघडतात का, बोलणं सुसंगत आहे का, सांगितल्यावर हातपाय हलतात का, याचे मिळून १५ गुण. १३ ते १५ मिळाले की इजा सौम्य. वहिनीला १५ पैकी १५. शाळेत आम्ही अशा मुलांच्या घरून पेढे खातो. पण ही मोजपट्टी माणूस आत्ता किती जागं आहे एवढंच सांगते. तीन महिन्यांनी त्याला वाण्याचं बिल वाचता येईल का, हे तिला कुणी विचारलेलंही नसतं.

पंधरा दिवस झाले, महिना झाला. पडदे ओढलेल्या खोलीत वहिनी पडून. इंदूरची दिवाळी म्हणजे फटाक्यांचं रणांगण. तिने ती कानात कापसाचे बोळे आणि डोक्यावर उशी घेऊन काढली. कुकरची शिट्टी झाली की तिचे खांदे वर उडायचे. मिक्सर लावायच्या आधी आम्ही ओरडून सांगायचो, आणि ते ओरडणंच मिक्सरपेक्षा वाईट असायचं. रात्री झोप नाही. आईने ब्राह्मीचं तेल आणलं, दृष्ट काढली. मिरच्यांचा धूर खोलीत कोंडला आणि वहिनी दोन दिवस उठली नाही. आईचा जीव त्यातच होता, तिला काय बोलणार?

आणि भेटायला येणारी माणसं! ‘अगं, दिसतेस तर किती छान!’ हात प्लास्टरमध्ये असता तर प्रश्नच नव्हता. मोडक्या पायाला आमच्या समाजात फार मान आहे. लोक त्याच्यासाठी खुर्ची सरकवतात. वहिनीच्या डोक्यावरचं टेंगूळ आठ दिवसांत बसलं, आणि त्यासोबत तिचा पुरावा गेला.

आता माझ्याबद्दल.

वहिनी आडवी पडली तेव्हा तिचं काम माझ्या आणि आईच्या अंगावर आलं. माझी शाळा, तपासायच्या वह्या, भाचीचा अभ्यास, डबे. मी बघत होते. सकाळी नऊला वहिनी उठून पोरीची वेणी घालते, तिच्याशी हसते. अकराला पोळ्या करायची वेळ आली की खोलीत जाते. एका मंगळवारी तिने अख्खी भाजी निवडली, मुगाचं वरण केलं, माझ्याशी तासभर गप्पा मारल्या. बुधवारी आणि गुरुवारी डोळे उघडेना. मला वाटलं, जमतं तेव्हा जमतं आणि नको असतं तेव्हा नको असतं. घरोघरच्या सुनांच्या डोकेदुखीवर मागच्या पिढ्यांनी जे म्हटलंय, ते सगळं माझ्या तोंडाशी तयार होतं. मी शिकलेली, नोकरी करणारी, सुधारलेली नणंद; पण शेवटी नणंदच. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात मावसबहिणीशी फोनवर मी दबक्या आवाजात म्हटलं, ‘काही नाही गं, नाटक करून राहिली ती. रिपोर्ट तर नॉर्मल आलाय.’

दोन खोल्या पलीकडे वहिनी होती.

रात्री मी तिला दूध द्यायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, ‘माझे कान आता फार तिखट झालेत. मोठ्याने बोललेलं दुखतं आणि हळू बोललेलं ऐकू येतं.’

मी पेला हातात धरून उभी राहिले.

मग ती वळली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त अवघड होतं. म्हणाली, ‘तू रोज सकाळी दारात उभी राहून विचारतेस ना, आज बरं वाटतंय का? मी हो म्हटलं की तुझा चेहरा सुटतो. म्हणून मी हो म्हणते. मग दिवसभर ते हो निभवावं लागतं. दुपारी संपते मी.’ थोडं थांबून म्हणाली, ‘पातेलं सुटलं तेव्हा तू फोनवर होतीस. मानेत धरला होतास. मी खाली उभी होते, मला कुणाच्या सुनेचं चाललंय तेही ऐकू येत होतं.’

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. दादालाही नाही. चार महिने मी रोज सकाळी त्या दारात उभी राहत होते ती तिची विचारपूस करायला, असं मला वाटत होतं. मला तिच्याकडून निर्दोष सुटल्याचा कागद हवा होता. ती बरी झाली असती तर ‘काही झालं नाही’ असं ठरलं असतं. ती बरी होईना, तेव्हा मी दुसरा रस्ता धरला: तिला काही झालेलंच नाही. म्हणजे मला वहिनीवर संशय आधी आला आणि पुरावे मी नंतर जमवले. वेणी, भाजी, वरण.

मी काय बोलले ते आता आठवत नाही. रडले असेन. तिने मला हळू रडायला सांगितलं, एवढं आठवतं.

यानंतर मी सुधारले वगैरे नाही. पण एक झालं, मी दारात उभं राहून विचारणं बंद केलं. आणि कॅलेंडरवर नोंदी करायला लागले. कालनिर्णयच्या चौकटीत आम्ही दुधाचा हिशेब लिहितो. त्याच्याच खाली वहिनीचा. किती तास झोप, डोकं दहापैकी किती, काय केलं होतं, गोळी घेतली का. दीड महिन्याने ते कॅलेंडर गुंडाळी करून आम्ही एका न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेलो. त्यांनी एमआरआयच्या फाइलला हात लावायच्या आधी कॅलेंडर उलगडलं आणि गोळ्यांचे ठिपके मोजले. एका महिन्यात २२. म्हणाले, साध्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. गोळी उतरली की डोकं चढतं, म्हणून माणूस पुन्हा गोळी घेतो. वहिनीच्या दुखण्यातला एक मोठा वाटा आमच्या फर्स्ट-एडच्या डब्यातून येत होता.

त्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. मेंदूला झटका बसला की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर पडतं, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं. सगळं पुन्हा जागच्या जागी न्यायला पेशींना आपले पंप जोरात चालवावे लागतात. त्याला ऊर्जा भरपूर लागते आणि नेमका तेव्हाच रक्ताचा पुरवठा कमी पडतो. हे काही सी.टी. स्कॅनमध्ये दिसत नाही. त्यात हाड दिसतं, रक्तस्राव दिसतो.

वहिनी म्हणाली, ‘यानी जलूद के पंप बंद पड़े हैं.’

डॉक्टर इंदूरचेच. खळखळून हसले आणि म्हणाले, ‘नहीं मैडम, पंप तो कब के चालू हो गए. अब लीकेज ढूँढना है.’

आणि खरंच, पुढचं वर्ष गळत्या शोधण्यात गेलं. सुरुवातीची ती रासायनिक उलथापालथ तशी लवकर निवते. मागे उरतं त्याला एकच एक कारण नसतं. मानेचे आखडलेले स्नायू, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा, जवळचं बघताना एकत्र न येणारे डोळे, मोडलेली झोप, जुनी अर्धशिशी, आणि या सगळ्याची भीती. प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. कूस बदलताना तिला खोली गरगर फिरताना दिसायची. फिजिओथेरपिस्टने तिला पलंगावर झोपवून डोकं ठरावीक कोनांत वळवलं, कानाच्या आतले निसटलेले सूक्ष्म खडे जागेवर नेले, आणि ते गरगरणं दोन खेपांत थांबलं. पाच महिने आम्ही त्याला ‘अशक्तपणा’ म्हणत होतो. डोळ्यांसाठी पेन्सिल नाकाजवळ आणायचा व्यायाम होता. त्याला मात्र महिने लागले. घरात दिवसभर लावलेला काळा चष्मा काढायला सांगितला, कारण अंधाराला सरावलेले डोळे उजेडाला आणखी घाबरतात. आणि समुपदेशकाकडे जायला सांगितलं. आईने लगेच विचारलं, ‘म्हणजे डोक्यावर परिणाम झालाय का?’ यावर वहिनी म्हणाली, ‘आई, मार डोक्यालाच लागला होता.’

मला सगळ्यात लागलं ते अंधाऱ्या खोलीचं. पहिले एक-दोन दिवस आराम, आणि मग हळूहळू हालचाल, असं आता सांगतात. आम्ही तिला पाच आठवडे पडद्याआड ठेवलं होतं, अगदी प्रेमाने. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण मोजून: डोकं चालण्याआधी दहापैकी तीन असेल आणि पाचाच्या वर जायला लागलं, तर तिथेच थांबायचं. नेहरू पार्कात पहाटे आम्ही तिघी जायचो. भाचीच्या हातात घड्याळ, माझ्या हातात पाण्याची बाटली. पहिल्या दिवशी सात मिनिटं. मग बाकावर. सात मिनिटांसाठी अर्धा तास तयारी!

चांगला दिवस मिळाला की वहिनी हावरटासारखी कामं उपसायची आणि पुढचे दोन दिवस त्याची भरपाई करायची. मंगळवारच्या वरणाचं आणि बुधवार-गुरुवारच्या न उघडणाऱ्या डोळ्यांचं कोडं मला तेव्हा उलगडलं. तीच मग म्हणाली, ‘नळ आला म्हणून कुणी सगळी टाकी त्याच दिवशी ओततं का? उद्या नळ नसतो.’ तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द रुळला. ती कधी ‘अर्धी टाकी आहे’ म्हणते. भाची शाळेतून आल्या आल्या दप्तर टाकून विचारते, ‘आई, नळ आहे का?’ नाही म्हटलं तर चपला न वाजवता आत जाते. ‘बरं वाटतंय का’चं उत्तर कुणीतरी तपासायला बसलंय असं वाटतं. नळ आहे का, यात तिचा काही गुण-दोष नाही. नळ असतो किंवा नसतो.

इंदूरला २०१७ पासून दरवर्षी स्वच्छतेचा पहिला नंबर मिळत गेला, त्याचा मलाही अभिमान आहे. पण त्यासाठी रोज सकाळी कचऱ्याची गाडी भोंग्यावर गाणं लावून दारात येते. एके दिवशी मी गाडीमागे धावले आणि म्हटलं, ‘भिया, हमारे मोड़ पे जरा आवाज कम कर दोगे? भाभी को सिर में चोट लगी है.’ त्याने एकही प्रश्न विचारला नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे का, किती दिवस झाले, दिसतात तर ठीक. काही नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या कोपऱ्यावर गाणं बंद व्हायचं आणि पुढच्या घराशी सुरू. सुका-ओला बघताना तो अधूनमधून विचारतो, ‘भाभीजी को आराम है?’ मला त्या माणसाचा हेवा वाटतो. विश्वास ठेवायला त्याला एक वाक्य पुरलं.

रंगपंचमीला आम्ही तिला महेश्वरला नेतो. त्या दिवशी इंदुरात राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, ढोल-ताशे, डीजे, गुलालाचे फवारे, साऱ्या माळव्याची गर्दी. आवाज रामबागेत घुमतो. गणपतीत मात्र माझी फजिती झाली. २०२३ चे गणपती. मी सगळ्यांना बजावलं होतं: झांजा नाहीत, घंटा नाही, टाळ्यासुद्धा हळू. दहा माणसं कुजबुजत ‘सुखकर्ता दुखहर्ता’ म्हणत होती. दुसऱ्या कडव्याला आतून वहिनी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘मयताला आलात का सगळे? वाजवा झांजा. मी गच्चीवर जाते. प्रसाद वर पाठवा.’ आणि गेली. आम्ही झांजा वाजवल्या. त्या रात्री मला तिने ऐकवलं की साऱ्या घराने तिच्यासाठी चवड्यांवर चालायचं, याचंही ओझं तिच्याच डोक्यावर येतं. मला हे सुचलंच नव्हतं. काळजी घेणाऱ्या माणसाला आपला पसारा दिसत नाही.

आता कशी आहे, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. ती सकाळी तीन तास घरून हिशेब बघते. मॉनिटरवर सरकणारे तक्ते अजून सोसत नाहीत, म्हणून दादा छापून आणतो आणि ती पट्टी लावून बघते. परवा तिने एका दुकानदाराची ४० रुपयांची चूक पकडली आणि दिवसभर मिरवली. दादाने हौसेने आणलेला महागडा हेडफोन बहुतेक वेळा भाचीच्या कानावर असतो. सीतलामाता बाजारात आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, भाचीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी साडी घ्यायला. दुकानदार थानांवर थान उलगडत होता, मागून गर्दी सरकत होती. वहिनीने काउंटर घट्ट धरला आणि म्हणाली, ‘जमीन हलतेय गं.’ आम्ही निघालो. साडी राहिली. रिक्षात तिने डोळे मिटले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी काही विचारलं नाही.

मधल्या कोजागिऱ्यांना दूध स्टीलच्या भगुण्यात आटलं. पातेल्याचा विषय कुणी काढला नाही. वहिनी एकदा तेवढं म्हणाली होती, ‘को जागर्ति विचारत लक्ष्मी फिरते ना? मी रोजच जागी असते. एकदा तरी आत यावं तिने.’

२०२५ ची कोजागिरी सोमवारी आली, ६ ऑक्टोबरला. त्या दिवशी नळ होता, दोन्ही अर्थांनी. चार वाजता वहिनी स्वयंपाकघरात आली आणि माळ्याकडे बघत म्हणाली, ‘ते पातेलं काढ गं. भगुण्याला दूध लागतं खाली.’

मी म्हटलं, दादाला येऊ दे.

‘तो सातला येईल. मी अंगणात उभी राहते, मग तर झालं?’

ती गेली. मी स्टूल ओढला, हलतोय का ते दोनदा बघितलं. अंगणातून तिचा आवाज आला.

‘फोन कुठे आहे तुझा?’

‘टेबलावर.’

‘मग काढ.’